लेकी, रणरागिणी आणि आत्याची नथ

२ नोव्हेंबर २०२५ ची रात्र आठवतेय ना, नवी मुंबईत आपण दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून वर्ल्डकप घेतला, शफालीचे ८७, दीप्तीच्या पाच विकेट्स. आमच्या सांगलीत तर स्मृती घरचीच, त्यामुळे जल्लोष विचारूच नका. आणि मग दुसऱ्या दिवसापासून सुरू झालं, भारताच्या लेकी, रणरागिणी, वाघिणी, नारीशक्ती. वाचताना छान वाटतं हो, पण रोहितची टीम जिंकल्यावर कुणी 'भारताच्या लेकांनी' असं छापल्याचं मला तरी आठवत नाही. ते आपले नुसते फलंदाज आणि गोलंदाज. गंमत बघा, क्रिकेटच्या नियमांत बॅट्समनचं बॅटर व्हायला २०२१ उजाडलं, आपला फलंदाज शब्द मात्र आधीपासूनच कुणालाही चालणारा, तरी आपण त्याच्यापुढे 'महिला' चिकटवतोच. २०१७ साली मिताली राजला आवडता पुरुष क्रिकेटर विचारला होता तेव्हा तिने उलट विचारलं, हा प्रश्न तुम्ही पुरुष खेळाडूंना विचारता का? मला तर तिथे शिट्टी मारावीशी वाटली होती.

पण हे सगळं लिहायचं कारण आमची आत्या. तासगावकडे तिची द्राक्षबाग आहे, ट्रॅक्टर, फवारणीचा ब्लोअर, औषधाचं प्रमाण, सगळं तीच बघते. गेल्या सीझनला डिपिंग, म्हणजे घड औषधात बुडवायचं काम, चालू असताना एका पेपरचा पोरगा मुलाखतीला आला. आत्या साडीवर मामांचा, म्हणजे तिच्या नवऱ्याचा, जुना शर्ट, डोक्याला स्कार्फ, हात औषधाने चिकट झालेले अशी उभी. तर हा म्हणतो, "ताई, फोटोसाठी जरा नथ घालता का? नऊवारी असली तर बेस्टच."

आत्या म्हणाली, "द्राक्षं नथ घालून काढत्यात व्हय?"

तरी शेवटी शर्ट काढून घडात हात घालून हसतानाचा फोटो झालाच. अर्धा तास तिने पाणी, खत, बेदाण्याचा दर, व्यापारी पैसे कसे अडकवतात हे सांगितलं. छापून काय आलं, तर 'संसार सांभाळत फुलवली द्राक्षबाग'. बेदाण्याचा दर एका ओळीत, व्यापारी गायब, आणि शेवटी पतीची खंबीर साथ. आता शेजारच्या बागायतदारांवर पण याच पेपरात लेख आलाय, त्यांनी कुणाचा संसार सांभाळला ते काही लिहिलेलं नाही. आणि खताच्या पोत्यावर बघा, तिथे शेतकरी म्हणजे मिशा आणि फेटा, संपलं.

बरं, ती खंबीर साथ म्हणजे काय हे पण सांगते. आत्याचं मनगट दुखतं म्हणून गेली चार वर्षं भाकरी मामा थापतात, आणि अशा टम्म फुगतात की आम्हाला कुणाला जमत नाही. मी आपली पेपरवर चिडून म्हणाले की साथ साथ करतात, मग भाकरीचं का नाही लिहिलं? तर मामा हळूच म्हणाले, "मीच त्याला बाजूला घेऊन सांगितलं, तेवढं लिहू नको बाबा, गाव हसंल."

आत्या तिकडे तोंडाला पदर लावून हसत होती. मी इथे लिहून टाकलंय, मामा ब्लॉग वाचत नाहीत.