दोन पेठा, एक पायरी

"तुम्ही मंगळवार पेठेतले, तो शिवाजी पेठेतला. पाटाकडील विरुद्ध शिवाजी मंडळ मॅच असली की अख्खं शाहू स्टेडियम दोन बाजूंना वाटलं जातं, आणि तुम्ही दोघं एकाच पायरीवर कसे?" दर हंगामात कुणी ना कुणी हे विचारतंच. आजवर "मित्र आहे" एवढं सांगून वेळ मारून नेली. तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगतो.

बाहेरगावच्यांना आधी एक सांगायला हवं. कोल्हापुरात फुटबॉलचे संघ तालमींचे असतात. जिथं पैलवान घुमले, त्याच तालमींच्या नावानं पोरं बूट बांधून मैदानात उतरली. पाटाकडील, खंडोबा, बालगोपाल, दिलबहार. त्यामुळं आपला संघ कुठला हे कुणी ठरवत बसत नाही, ज्या गल्लीत जन्मलात तो तुमचा. वर्ल्डकप आला की मात्र पेठांमध्ये अर्जेंटिना आणि ब्राझीलचे झेंडे लागतात, चौकाचौकांत मेस्सी-नेमारचे कटआउट उभे राहतात.

माझे आबा आणि मित्राचे वडील, ज्यांना मी काका म्हणायचो, दोघंही उद्यमनगरात एकाच कारखान्यात लेथवर. मशीन शेजारी-शेजारी. आबा पाटाकडीलचे आणि अर्जेंटिनाचे, काका शिवाजी मंडळाचे आणि ब्राझीलचे. हरणाऱ्यानं दुसऱ्या दिवशी मिसळ द्यायची, हा त्यांचा पंचवीस-तीस वर्षांचा करार. स्टेडियमवर मात्र एकदाही शेजारी बसले नाहीत. मॅचच्या दिवशी सकाळपासून बोलणंच बंद.

आबा मॅच बघताना खेळायचे. मैदानात कुणी शॉट मारायला पाय उचलला की आबांचा उजवा पाय पुढं जायचा, आणि पुढच्या पायरीवरच्या माणसाच्या पाठीत बसायचा. रोज येणाऱ्यांना हे माहीत झालं होतं. आबांच्या पुढची जागा लोक आपणहून मोकळी सोडायचे. काकांचं उलटं. पेनल्टी लागली की ते मैदानाकडं पाठ करून उभे राहायचे, डोक्याचा टॉवेल तोंडावर दाबून. गॅलरीच्या आवाजावरून त्यांना कळायचं. ओरडा झाला की गोल, हुंदका आला की बाहेर.

मला १९८६ च्या वर्ल्डकपची फायनल आठवते. आमच्याकडं टीव्ही नव्हता. रात्री साडेअकराला शेजाऱ्यांच्या खोलीत पंधरा-वीस माणसं दाटीनं बसली होती. अर्जेंटिना २-० नं पुढं होती, शेवटच्या पंधरा-वीस मिनिटांत पश्चिम जर्मनीनं दोन्ही गोल फेडले. मग मॅराडोनानं बुरुचागाला पास दिला, आणि आबांनी शेजाऱ्यांचा स्टुल लाथेनं उडवला. त्या रात्रीपासून त्यांचं एक वाक्य ठरलं: "दोन गोलची आघाडी म्हणजे आघाडी नव्हं."

२०१९ मध्ये काका गेले. पंचगंगेच्या घाटावर रक्षाविसर्जनाला आबा मित्राजवळ गेले आणि एवढंच म्हणाले, "आता माझ्याशी भांडायचं कुणी?" त्यानंतर ते स्टेडियमवर कमीच गेले. पुढं कोरोना आला, मैदान बंद, आणि आबांची तब्येतही उतरत गेली.

११ जुलै २०२१. कोपा अमेरिका, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या देशांची स्पर्धा, तिची अर्जेंटिना-ब्राझील फायनल, मॅराकाना स्टेडियम, ब्राझीलच्याच घरात. आपल्याकडं पहाटे साडेपाच. आबांना उशांचा टेकू देऊन बसवलं. बाविसाव्या मिनिटाला डी मारियानं गोलकीपरच्या डोक्यावरून बॉल उचलून आत टाकला, आणि पांघरुणाखाली आबांचा पाय हलला. मला दिसलं ते. १-० नं सामना संपला. अर्जेंटिनाला अठ्ठावीस वर्षांनी मोठा किताब मिळाला होता, मेस्सी गुडघ्यावर बसला होता, आणि आबा गप्प होते. थोड्या वेळानं म्हणाले, "आज तो असायला पायजे होता." मग म्हणाले, "त्याच्या पोराला फोन लाव."

तोवर आमची दोघांची ओळख तोंडदेखलीच होती. आबांनी फोन हातात घेतला. "झोपलायस व्हय? हरला की रं तुमचा ब्राझील. बापाचं देणं हाय तुझ्यावर. मिसळ आण."

तासाभरात तो दारात. हातात स्टीलचा डबा, कट वेगळा, पाव वर्तमानपत्रात गुंडाळलेले. आबांना तिखट बंद होतं. त्यांनी पावाचा कोपरा कटात बुडवला, जिभेला लावला, आणि डोळे पुसले. तिखटानं, असं म्हणाले. मित्र पलंगाच्या कडेला बसून राहिला, दुपारपर्यंत. त्याच वर्षी दिवाळीनंतर आबा गेले. खांदा द्यायला तो माझ्या मागं होता.

१८ डिसेंबर २०२२, वर्ल्डकपची फायनल, अर्जेंटिना विरुद्ध फ्रान्स. आमच्या चौकात मोठा पडदा लावला होता. ब्राझील क्रोएशियाकडून कधीच बाहेर गेलं होतं. तरी हा आला, काकांचा धुऊन-धुऊन विटलेला पिवळा टीशर्ट घालून. आमच्या गल्लीतली पोरं त्याच्याकडं बघत होती, मी त्याला शेजारी बसवला. तेविसाव्या मिनिटाला मेस्सीची पेनल्टी, मग डी मारिया. २-०. पोरं फटाके काढायला लागली. मला आबांचं वाक्य आठवलं आणि हातपाय गार पडले. एम्बापेनं दोन मिनिटांत दोन गोल फेडले तेव्हा चौकात टाचणी पडली तरी ऐकू आली असती.

३-३ झाल्यावर पेनल्टी शूटआउट. मी बाजूला बघितलं तर हा पडद्याकडं पाठ करून उभा. रुमाल तोंडावर. मी त्याला एकेक सांगत गेलो. फ्रान्सच्या कोमानची अडवली. डिबालाचा गोल. चुआमेनीची बाहेर. पारेदेसचा गोल. माँटियल आला तेव्हा मला बोलताच येईना. त्यानं शॉट मारला, माझा पाय पुढं गेला, आणि पुढच्या खुर्चीवरचं पोरगं कळवळलं. चौक फुटला. हा अजून पाठमोराच होता, खांदे हलत होते. मी त्याला धरून फिरवला.

तेव्हापासून आम्ही एका पायरीवर बसतो, दोन्ही बाजूंच्या मधोमध. त्याच्या पेठेतले त्याला बोलतात, माझ्या पेठेतले मला. हरला त्यानं मिसळ द्यायची.

गेल्या हंगामात शिवाजी मंडळाला शेवटच्या मिनिटांत पेनल्टी मिळाली. पुढच्या पायरीवर एक शाळकरी पोरगं बसलं होतं. त्याला मी आधीच सांगून ठेवलं, "बाळा, जरा बाजूला सरक." तो सरकला. मित्र उठला, पाठ केली, रुमाल काढला.

"सांग रं," म्हणाला.