पंख वर की खाली? बिरसी ते मोरवा, ऐन वैशाखात

छोटं विमान कोणतं चांगलं, हे कंपनीच्या माहितीपत्रकावरून ठरत नाही. ते विदर्भातल्या मे महिन्यात, दुपारी दोन वाजता, तापलेल्या धावपट्टीवर ठरतं. हे माझं जुनं मत, आणि ते पारखून घ्यायची संधी यंदा आली. बहिणीचा मुलगा बारावी झाला आणि त्याला पायलटच व्हायचंय. कोणत्या शाळेत जावं, कोणत्या विमानावर शिकावं, यावर घरी रोज खल चालायचा. मी तरुणपणी क्लबात सेस्ना १५२ वर शिकलेलो, त्यामुळे माझा कौल सेस्नाला, म्हणजे पंख वर असलेल्या विमानाला. आमचे कॅप्टन, म्हणजे एअरलाइनमधून निवृत्त झालेले माझे जुने स्नेही, पक्के पायपरवाले, म्हणजे पंख खाली असलेल्या चेरोकीचे. शेवटी भाचाच म्हणाला, "मामा, घरात बसून काय ठरणार? चला, पाहूनच येऊ."

उजाडायच्या आत नागपूर सोडलं. भंडाऱ्याला वैनगंगा दिसली तेव्हा पात्रात पाण्यापेक्षा वाळू जास्त दिसत होती. तुमसर मागे पडलं की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उन्हाळी धान सुरू होतं. बाकी विदर्भ करपलेला असताना तलावांच्या या मुलखात असा हिरवागार पट्टा दिसला की डोळे निवतात. तिरोड्याच्या वीज प्रकल्पाच्या चिमण्या खूप दुरून दिसतात. कॅप्टन म्हणाले, "वरून याच खुणा धरून जायचं. नदी, रेल्वेचा रूळ आणि चिमणी."

गाडीत अर्थातच विमानांचाच विषय. कॅप्टन शिकले ते पुष्पकवर. बंगळुरूच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टनं १९५८ साली पहिल्यांदा उडवलेलं हे दोन आसनी विमान, नव्वद अश्वशक्तीच्या कॉन्टिनेन्टल इंजिनाचं. सांगाडा धातूचा आणि अंगावर कापड. अशी दीडशेच्या आसपासच बनली, पण त्या काळातल्या भारतीय फ्लाइंग क्लबांची एक अख्खी पिढी त्यांच्यावर घडली. मागचं चाक शेपटीखाली असल्यामुळे जमिनीवर नाक वर असायचं आणि समोरचं काही दिसायचं नाही. जमिनीवरून सापासारखं नागमोडी चालवायला लागायचं, असं कॅप्टन हातानं दाखवत होते.

"कापडाचं विमान?" भाच्याला खरंच वाटेना. मग त्याला पायपर कबची गोष्ट सांगितली. विल्यम पायपर हा पेनसिल्व्हेनियातला तेलाच्या धंद्यातला माणूस. १९३७ साली ब्रॅडफर्डचा कारखाना आगीत जळाला, तेव्हा त्यानं लॉक हेवन गावातली रेशमाची बंद गिरणी घेतली आणि तिथं विमानं बनवायला सुरुवात केली. तिथून निघालेलं पिवळं जे-३ कब १९४७ पर्यंत जवळजवळ वीस हजारांच्या संख्येनं बनलं. त्याच्या पंखांवर सुती कापड ताणून बसवायचे आणि वर डोपचे, म्हणजे एका प्रकारच्या लाखेचे थर द्यायचे. डोप सुकलं की कापड आकसतं आणि ढोलकीच्या पानासारखं घट्ट होतं. कापसाच्या मुलखात वाढलेल्या मला या गोष्टीचं फार अप्रूप वाटतं. एम्प्रेस मिलच्या नागपुरात, पुलगाव-हिंगणघाटच्या गिरण्यांच्या आसपास राहिलेल्या माणसाला बंद गिरणी म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. पण बंद गिरणीतून विमान बाहेर पडू शकतं, हे आपल्याकडे कोणी पाहिलं नाही.

बिरसीची धावपट्टी गोंदियापासून जवळच, कामठा गावाच्या बाजूला. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी बांधलेली. आता तिथं राष्ट्रीय वैमानिक प्रशिक्षण संस्था आहे आणि तिचा ताफा ऑस्ट्रियाच्या डायमंड कंपनीचा, एका इंजिनाचं डीए-४० आणि दोन इंजिनांचं डीए-४२. आम्ही भिंतीबाहेरच्या बांधावर, पळसाच्या सावलीत उभे राहिलो. एकामागून एक पांढरी विमानं उतरत होती, चाकं टेकवत होती आणि न थांबता पुन्हा उठत होती.

बाजूच्या बांधीतून एक मामाजी डोक्याला दुपट्टा गुंडाळून आले. "काऊन जी, भरती हाय का?"

नाही, नुसती विमानं पाहायला आलोय, म्हटलं.

"पाहा ना मंग. हे पोट्टे सकायपासून उडतेत न् उतरतेत, जात कोठीच नाही." मग भाच्याकडे बघून म्हणाले, "अकरा वाजले का पाहाल तुमी, सारं बंद. उनाच्या तडाक्यात इमानबी थकते."

कॅप्टननी त्यांना अक्षरशः हात जोडले. विमानशास्त्राच्या वर्गात डेन्सिटी अल्टिट्यूड नावाचा जो धडा अर्धा दिवस शिकवतात, तो मामाजींनी एका वाक्यात सांगितला होता. हवा तापली की विरळ होते. विरळ हवेत इंजिनाचा दम कमी पडतो, प्रोपेलरची पकड सुटते आणि पंखांची उचल घटते. गोंदिया समुद्रसपाटीपासून जेमतेम हजार फुटांवर. पण पारा ४५ ला टेकला की इथली हवा एरवी पाच हजार फुटांवर असते तितकी पातळ होते. म्हणजे विमानाच्या लेखी बिरसीची धावपट्टी मे महिन्याच्या दुपारी महाबळेश्वरच्याही वर जाऊन बसते. साध्या पिस्टन इंजिनाची ताकद दर हजार फुटांना तीनेक टक्के कमी होते. १५२ चं लायकमिंग इंजिन ११० अश्वशक्तीचं, ते अशा दुपारी नव्वदीच्या घरात येतं. धावपट्टीवरची धाव लांबते, चढण मंदावते. त्यात जमिनीवरून उठणाऱ्या गरम झोतांचे धक्के. घारी त्याच झोतांवर पंख न हलवता वर जातात. छोट्या विमानातल्या विद्यार्थ्याच्या मात्र पोटात गोळा येतो.

डायमंड विमानं सगळी पांढरीच का, हा भाच्याचा प्रश्न मला फार आवडला. त्यांचं अंग पत्र्याचं नाही, काचतंतू आणि कार्बनतंतूंच्या कंपोझिटचं आहे. या पदार्थाला तापमानाची मर्यादा असते, म्हणून ऊन परतवणारा पांढरा रंग. वरची काच मात्र मोठ्या घुमटासारखी. हवेत असताना चहूकडे सुरेख दिसतं, पण उन्हात उभं असताना आत काय होत असेल ते आपल्या माणसाला सांगायला नको. उतरणं मात्र डोळ्यांत भरण्यासारखं होतं. लांब, सडपातळ पंख आणि जमिनीजवळ आल्यावर बराच वेळ तरंगत राहणं. खालचे पंख असलेल्या विमानाला जमीन जवळ आली की हवेची गादी मिळते. वेग जरा जास्त ठेवलात तर ते बसायलाच तयार होत नाही.

अकरा वाजले आणि खरोखरच आकाश रिकामं झालं.

गोंदियात जेवून गोरेगाव, सडक अर्जुनी, नवेगावबांध, वडसा असा खाली उतरत गेलो. जंगलाच्या कडेनं गावोगावी तेंदूपानांचे पुडे उन्हात मांडलेले. मुक्काम ब्रह्मपुरीला. या रस्त्यावर सांगण्यासारखं पुष्कळ आहे, पण आमचं लक्ष कुठं होतं? एका सरळसोट पट्ट्यावर मी भाच्याला सेस्ना १७२ चा विक्रम सांगितला. ४ डिसेंबर १९५८ ला लास व्हेगासहून रॉबर्ट टिम आणि जॉन कुक या दोघांनी उड्डाण केलं आणि ७ फेब्रुवारी १९५९ ला ते खाली उतरले. चौसष्ट दिवस विमान हवेत! इंधन कसं भरायचे? वाळवंटातल्या सरळ रस्त्यावर ट्रक धावायचा, विमान त्याच्या डोक्यावर खाली येऊन तेवढ्याच वेगानं उडायचं आणि नळी वर ओढून घेतली जायची. भाचा गाडीच्या काचेतून रस्त्याकडे बघतच राहिला.

१७२ चं यश विक्रमामुळे नाही, त्याच्या स्वभावामुळे आहे. आधीच्या १७० ला शेपटीचं चाक होतं. सेस्नानं ते काढून नाकाखाली चाक दिलं आणि १९५६ साली १७२ म्हणून विकायला काढलं. मोटार चालवणाऱ्या माणसाला ते जमिनीवर चालवता यायला लागलं. आजवर ४४,००० हून अधिक बनली. इतकी दुसऱ्या कोणत्याच विमानाची बनलेली नाहीत. आणि हे सगळं सुरू झालं ते कॅन्ससमधल्या विचिटा गावात, गव्हाच्या सपाट शेतांच्या मध्ये. क्लाइड सेस्ना, वॉल्टर बीच आणि लॉइड स्टिअरमन या तिघांनी १९२५ साली तिथं ट्रॅव्हल एअर काढली आणि पुढे तिघांनी तीन वाटा धरल्या. बीचच्या बोनान्झाचं देखणेपण, ती व्ही आकाराची शेपटी, मला मान्य आहे. पण शिकणाऱ्या पोरानं त्याच्या वाटेला जाऊ नये, एवढंच.

दुसऱ्या दिवशी मूलमार्गे चंद्रपूर गाठलं आणि मोरव्याच्या धावपट्टीवर गेलो. नागपूर फ्लाइंग क्लबचं प्रशिक्षण आता इथंही चालतं. ओळखीतून रीतसर परवानगी मिळाली होती, त्यामुळे १५२ अगदी हात लावून पाहता आलं. मी त्याच्याभोवती नुसता फिरत राहिलो. हे मॉडेल १९७७ ते १९८५ एवढंच बनलं, म्हणजे आज उडणारं सगळ्यात तरुण १५२ सुद्धा चाळिशीचं असतं. आणि तरी देशोदेशी विद्यार्थी त्यावर पहिली सोलो, म्हणजे एकट्यानं भरारी, मारतात.

मेकॅनिकदादांनी भाच्याला पंखाच्या खाली बोलावलं. एका पारदर्शक कपाची सुई त्यांनी टाकीच्या तळाच्या झडपेत दाबली आणि कपात फिकट निळं इंधन उतरलं. "पाणी असलं तर तळाशी बुडबुड्यासारखं वेगळं बसते. रंग नाही दिसला तर समजायचं, सारं पाणीच हाय." मग डाव्या पंखाच्या पुढच्या कडेवरचं लहानसं भोक दाखवलं. त्यावर स्वच्छ रुमाल ठेवला, तोंड लावून हवा ओढली, आणि कॉकपिटमधून पिपाणीसारखा आवाज आला. ही स्टॉलची, म्हणजे पंखांची उचल सुटत आल्याची, सूचना. विमानाचं नाक फार वर गेलं की त्या भोकापाशी हवेचा दाब कमी होतो आणि पिपाणी आपोआप वाजते. वीज नको, वायर नको. भाच्यानं स्वतः रुमाल लावून ती वाजवून पाहिली, पुन्हा वाजवली.

आमचा वाद इथं रंगला. मी म्हटलं, इंधन वरच्या पंखात, त्यामुळे ते आपल्या वजनानंच इंजिनात उतरतं. १५२ ला फक्त चालू-बंदची कळ. पायपर चेरोकीत डावी टाकी, उजवी टाकी असं ठराविक वेळानं बदलत राहावं लागतं, शिवाय इंधन वर चढवायला पंप. विसरभोळ्या विद्यार्थ्यासाठी हा धोकाच. आणि चेरोकीला दार एकच, तेही उजवीकडे. म्हणजे विद्यार्थ्यानं आधी आत शिरायचं आणि मास्तर येईपर्यंत भाजत बसायचं. इथं पाहा, आपण चौघं पंखाच्या सावलीत उभे आहोत.

कॅप्टन शांतपणे म्हणाले, "सावली जमिनीवर. वर गेल्यावर वळताना तुझा हाच पंख खाली झुकतो आणि ज्या बाजूला वळायचं तीच बाजू झाकतो. धावपट्टीभोवतीच्या सर्किटमध्ये पाच-सहा विमानं घिरट्या घालत असतील तर मला ती बाजू दिसायला हवी." शिवाय चेरोकीची चाकं रुंद अंतरावर, आडव्या वाऱ्यात ते जमिनीला धरून राहतं, टाकीचं झाकण उघडायला १५२ सारखं चढायला लागत नाही, आणि टाकी बदलायची सवय पहिल्यापासून लागलेली बरी, पुढे मोठ्या विमानात तीच उपयोगी पडते. यातलं प्रत्येक वाक्य खरं आहे, ते मी नाकारत नाही.

पण मेकॅनिकदादांचं दुखणं वेगळंच होतं. त्यांना पंखांशी देणंघेणं नव्हतं, त्यांना इंधनाची काळजी होती. हे निळं एव्हिगॅस, म्हणजे विमानाचं पेट्रोल, पिंपांतून येतं. २०२२ पर्यंत तर ते पूर्ण आयातच व्हायचं. त्या वर्षी इंडियन ऑइलनं गुजरातच्या रिफायनरीत बनवायला घेतलं. जेट इंधन मात्र प्रवासी विमानं येतात त्या बहुतेक विमानतळांवर मिळतं. एअर इंडियानं अमरावतीजवळच्या बेलोऱ्याच्या आपल्या शाळेसाठी ३४ विमानांची मागणी नोंदवली, त्यात ३१ पायपर आणि ३ डायमंड, सगळी जेट इंधनावर चालणारी. यात नुसती इंधनाची सोय नाही. ही डिझेल जातीची इंजिनं टर्बोचार्जरची आहेत. पातळ हवा दाबून आत घेतात, म्हणून साधं इंजिन मान टाकतं त्या दुपारी यांची ताकद टिकून राहते. पंखांची उचल घटते ती घटतेच, पण इंजिन तरी साथ सोडत नाही.

माझं म्हणणं आता हे आहे: पंख वर की खाली हा वाद गोड आहे, तो मी कॅप्टनशी मरेपर्यंत घालीन, पण विदर्भात निकाल इंजिन लावतं. पुढच्या वीस वर्षांत इथल्या धावपट्ट्यांवर तेच विमान टिकेल, जे मेमधली दुपार झेपवतं आणि जवळच्या विमानतळावरचं इंधन पितं. आज सेस्नाचं पिस्टन इंजिन ते करत नाही. तरीही पहिले काही तास १५२ वर व्हावेत असं मी भाच्याला सांगितलंय. कमी ताकदीचं विमान चुका लगेच दाखवतं, आणि घड्याळी काट्यांची उपकरणं वाचायला शिकलेला पोरगा पडद्यांसमोर कधीही बसू शकतो. उलटं मात्र जड जातं.

त्याला स्वतःला बिरसीचं डायमंड आवडलंय. कमर्शियल लायसन्सला दोनशे तास उडावं लागतं, म्हणजे आवडीनिवडी बदलायला भरपूर वाव आहे. सध्या घाई आहे ती क्लास टू मेडिकलची. चष्मा आहे म्हणून तो धास्तावलाय. चष्म्यासकट दृष्टी नीट असली तर चालतं, हे कॅप्टननी परतीच्या वाटेवर वरोऱ्यापासून बुटीबोरीपर्यंत त्याला समजावून सांगितलं.