झाडीपट्टीचं नाटक आणि पंधरा इंची स्क्रीन

पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत, आमच्या ब्रह्मपुरी-वडसा पट्ट्यात, दिवाळी सरली की मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा लागतात, आणि मंडई म्हटली की रात्री नाटक आलंच. शूटिंग आमचे हे करतात, एडिटिंग माझ्याकडे. प्रयोग पहाटेपर्यंत चालतो, म्हणजे तीन कॅमेऱ्यांचं पाच-सहा तासांचं फुटेज. नाटकांचा हंगाम ओसरला की त्याच लॅपटॉपवर लग्नं, आणि मधूनमधून रील्स. काम प्रीमिअर प्रो या ॲडोबीच्या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये. या लाइनमध्ये नवीन आलेले पोरं-पोरी मला इफेक्टबद्दल, प्रीसेटबद्दल विचारतात. वर्कस्पेसबद्दल, म्हणजे स्क्रीनवर पॅनेल कुठे आणि किती मोठे ठेवायचे त्या मांडणीबद्दल, कोणी विचारत नाही, आणि माझा सगळ्यात जास्त वेळ वाचतो तो तिथेच.

पंधरा इंची स्क्रीनवर जागा मोजकी. एका पॅनेलला दिली की दुसऱ्याची जाते. म्हणून आधी ठरवायचं की आजच्या कामात डोळे कुठे राहणार आहेत, आणि जागा त्यालाच द्यायची. माझ्याकडे तीन मांडण्या सेव्ह केलेल्या आहेत: नाटक, लग्न, रील.

नाटकाचं आधी सांगते, कारण ते सगळ्यात अवघड. झाडीपट्टीच्या नाटकाचा जीव आवाजात. समोर ऑर्गन-तबला, स्टेजवर वरून टांगलेले माइक. नट बोलता बोलता माइकखाली येतो तेव्हा आवाज खणखणीत, दोन पावलं मागे सरकला की वाक्य ऑर्गनखाली दबतं. हे स्पीकरवर ऐकून अर्धंच कळतं, वेव्हफॉर्मवर, म्हणजे आवाजाच्या आलेखावर, डोळ्यांना दिसतं. पण ट्रॅक बारीक असेल तर वेव्हफॉर्म म्हणजे नुसती रेघ. म्हणून या मांडणीत टाइमलाइन, म्हणजे क्लिप ओळीने लावायची पट्टी, खाली जवळजवळ पूर्ण रुंदीची आणि अर्ध्या स्क्रीनपर्यंत उंच. ऑडिओ मीटर उजव्या कडेला वरपासून खालपर्यंत. संवाद उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवते. गाण्याला वन्समोअर आला की टाळ्या-शिट्ट्यांनी मीटर लाल होतो, ते डोळ्याच्या कोपऱ्यात दिसलंच पाहिजे.

वरच्या अर्ध्यात बहुतेक जागा प्रोग्राम मॉनिटरला, म्हणजे तयार होणारं चित्र दिसतं त्या खिडकीला. तिन्ही कॅमेरे आवाजावरून सिंक करून मल्टिकॅमेरा सीक्वेन्स केला की शिफ्ट-० दाबल्यावर डावीकडे तिन्ही कॅमेरे आणि उजवीकडे निवडलेला शॉट दिसतो. प्ले चालू ठेवून १, २, ३ दाबत जायचं, कट आपोआप पडत जातात. विनोदी पात्राच्या एंट्रीला प्रेक्षक हसतात तेव्हा क्लोजअपवर जायचं की लांबच्या शॉटवर, हा निर्णय क्षणात घ्यावा लागतो. चौकटी नखाएवढ्या असतील तर चेहरा कळतच नाही. म्हणून सोर्स मॉनिटर, म्हणजे कच्चं फुटेज बघायची खिडकी, मी या मांडणीतून काढूनच टाकलाय. फाइलींचं प्रोजेक्ट पॅनेल वरच्या अर्ध्यातच डाव्या कडेला अरुंद, लिस्ट व्ह्यूमध्ये. आमच्या एका कॅमेऱ्याच्या कार्डावर ४ जीबी झाले की नवी फाइल सुरू होते, त्यामुळे एका रात्रीच्या फाइलींची रांगच लागते. आयकॉन व्ह्यूमध्ये सगळे तुकडे सारखेच दिसतात: तेच स्टेज, तोच पडदा. लिस्टमध्ये निदान नाव आणि वेळ वाचता येते.

पॅनेल हलवायचं म्हणजे त्याच्या नावाला धरून ओढायचं. दुसऱ्या पॅनेलच्या मधोमध सोडलं तर त्याच्याच शेजारी टॅब होऊन बसतं, कडेला सोडलं तर जागा दुभागते. पूर्ण रुंदी हवी असेल तर थेट खिडकीच्या कडेपर्यंत न्यायचं. सोडायच्या आधी रंगीत पट्टा दिसतो, तो नीट बघून मगच बोट उचलायचं. मनासारखं झालं की विंडो मेनूत वर्कस्पेसेस, सेव्ह ॲज न्यू वर्कस्पेस. काम करता करता पॅनेल इकडेतिकडे झाले तर ऑल्ट-शिफ्ट-० ने सेव्ह केलेली मांडणी जशीच्या तशी परत येते. आणि एस्केपच्या खालचं ते तिरक्या टिंबाचं बटण! माउस ज्या पॅनेलवर असेल ते पूर्ण स्क्रीनभर होतं, पुन्हा दाबलं की जागेवर. छोट्या स्क्रीनवाल्याने दुसरं काही नाही तरी एवढं शिकून घ्यावं. फक्त मराठी टायपिंगचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड चालू राहिला तर शॉर्टकट दाद देत नाहीत, आधी इंग्रजीवर यायचं.

लग्नाच्या मांडणीत सोर्सच्या जागी ल्युमेट्री स्कोप्स, म्हणजे चित्रातल्या रंग-उजेडाचे आलेख, आणि उजवीकडे रंग दुरुस्तीचं पॅनेल, ल्युमेट्री कलर. याच्यावर मला जरा बोलायचंय. नवरीचा भाऊ पेनड्राइव्ह घेऊन येतो आणि म्हणतो, "ताई, थोडी गोरी करा नं तिला." मी करत नाही. धानाच्या बांधीत राबलेली पोरगी आहे, तिचा रंग सुंदर आहे, आणि हळदीचा पिवळा त्या सावळ्या रंगावर जसा उठतो तसा पांढऱ्याफटक चेहऱ्यावर उठतच नाही. या स्कोप्सपैकी व्हेक्टरस्कोप रंगाची छटा दाखवतो, त्यात एक तिरकी रेषा असते. माणूस गोरा असो की काळासावळा, कातडीची छटा त्या रेषेच्या आसपासच पडते. मांडवातल्या जांभळ्या एलईडीने चेहरा रेषेपासून दूर गेला असेल तर तो परत आणणं माझं काम, तिचा रंग बदलणं नाही. स्कोप समोर उघडा असला की हे भावालाही दाखवता येतं. बहुतेक जण बघून गप्प होतात. एक जण म्हणाला, "होय नं, घरी अशीच दिसते ते." तेव्हापासून या मांडणीत काहीही हललं तरी स्कोप्सला मी हात लावत नाही.

याच मांडणीत टायटलचं पॅनेलही टॅबमध्ये ठेवलंय, कारण लग्नात नावं आलीच. मराठीत जोडाक्षरं तुटत असतील तर मांडणीत शोधू नका. प्रेफरन्सेसमध्ये ग्राफिक्सखाली टेक्स्ट इंजिन साउथ एशियनवर करा.

रीलची मांडणी साधी. सीक्वेन्स १०८० बाय १९२० चा उभा, म्हणून प्रोग्राम मॉनिटर उजव्या बाजूला वरपासून खालपर्यंत उभा खांब, बाकी सगळं डावीकडे.

ज्यांच्याकडे प्रीमिअर नाही त्यांनी अडून राहू नये. दा विंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या फुकट व्हर्जनमध्ये खाली सात पानं असतात, मीडियापासून डिलिव्हरपर्यंत. पॅनेल हवं तिथे ओढून नेता येत नाही, पण काय उघडं ठेवायचं, काय बंद, कोणाला किती जागा, हे ठरवून लेआउट प्रीसेट म्हणून सेव्ह करता येतं. फक्त त्याला ग्राफिक्स कार्ड दमदार लागतं. जुना लॅपटॉप असेल तर केडेनलाइव्ह हे फुकटचं एडिटिंग सॉफ्टवेअर बघा. २०२० च्या २०.०८ व्हर्जनपासून त्यात वरच तयार मांडण्या आहेत, एडिटिंगची वेगळी, ऑडिओची वेगळी, कलरची वेगळी, आणि आपली स्वतःचीही सेव्ह होते.

प्रीमिअरमध्ये दुसऱ्याचा प्रोजेक्ट आपल्याकडे आला तर त्याची मांडणीही सोबत उघडू शकते. वर्कस्पेसेसच्या मेनूत इम्पोर्ट वर्कस्पेस फ्रॉम प्रोजेक्ट्सवरची खूण काढली की आपलीच राहते. आणि लॅपटॉप फॉरमॅटला देण्याआधी डॉक्युमेंट्समधल्या ॲडोबीच्या फोल्डरात प्रीमिअर, मग व्हर्जन, मग प्रोफाइल असं आत जाऊन लेआउट्स नावाचं फोल्डर पेनड्राइव्हवर घ्या. मेहनतीने बसवलेलं सगळं तिथेच असतं.

या हंगामात मी घरचा टीव्ही एचडीएमआयने जोडलाय. प्रेफरन्सेसमध्ये प्लेबॅक उघडून मर्क्युरी ट्रान्समिट चालू केलं की चित्र टीव्हीवर पूर्ण आकारात जातं. मंडळाची माणसं बघायला आली की तिकडे बघतात, आणि लॅपटॉपवरचा प्रोग्राम मॉनिटर तेवढ्यापुरता बारीक करून ती जागाही मी टाइमलाइनला देते.