पाठांतराच्या दिवशी घरं ऐकू यायची

आमच्या चर्चच्या संडे स्कूलच्या वार्षिक कार्यक्रमात गाणी असायची, छोटंसं नाटक असायचं, बक्षिसं असायची. मला मात्र ओढ असायची ती बायबलमधल्या वचनांच्या पाठांतराची. शिशुवर्गाची टीचर म्हणून हातात यादी घेऊन मी व्यासपीठाच्या कडेला उभी राहायचे आणि एकेका लेकराला पुढे सोडायचे. तिथे उभं राहून एक गोष्ट पक्की कळली : मूल माइकसमोर वचन म्हणतं तेव्हा त्याचं घर ऐकू येतं. कुणाच्या ‘परमेश्वर’मध्ये आजोबांचा धीमा सूर असतो, कुणी आईसारखंच अर्ध्यावर थांबून श्वास घेतं. रविवारी आमच्या वाट्याला येऊन येऊन एक तास. खरं शिकवणं उरलेले सहा दिवस घरीच चालायचं.

एक चार वर्षांची चिमुरडी अजून डोळ्यांसमोर आहे. तिला स्तोत्र २३ मधलं पहिलं वचन होतं. ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’ हे चार शब्द तिच्या आईने तिला चार बोटांवर शिकवले होते. पोरगी माइकसमोर आली, समोरची गर्दी पाहिली आणि गप्पच झाली. मग तिने डावा हात वर केला, पहिलं बोट धरलं, ‘परमेश्वर’. दुसरं बोट मुठीत घट्ट आवळलं, ‘माझा’. पुढचे दोन शब्द आपसूक आले, आणि ‘मला काही उणे पडणार नाही’ हे तर ती सगळ्या सभागृहाला बजावूनच सांगत होती. त्या ‘माझा’वरची पकड शिकवायला मला वर्गात जमलं नसतं. ती आईनेच शिकवावी.

एका मुलाला योहानाच्या शुभवर्तमानातल्या अकराव्या अध्यायातलं पस्तिसावं वचन दिलं होतं, ‘येशू रडला.’ दोनच शब्द. तो आला, मोठ्याने म्हणाला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पण तो काही हलेना. टाळ्या थांबल्यावर म्हणाला, “कारण लाजर मेला होता. पण नंतर उठला!” घरी त्याने वडिलांना आधी ‘का रडला?’ असं विचारलं असणार आणि वडिलांनी येशूने आपल्या मेलेल्या मित्राला, लाजरला, परत उठवल्याची पूर्ण गोष्ट सांगितली असणार, हे कुणी सांगायची गरज नव्हती. वचन लहान असलं तरी त्यामागची गोष्ट मुलाला माहीत हवी, असं मी पालकांना आजही आग्रहाने सांगते. गोष्ट कळली की शब्द विसरत नाहीत.

घराघरांच्या रीती मी विचारून घ्यायचे. एक आई मुलीचे केस विंचरताना म्हणवून घ्यायची. एक बाबा शाळेच्या वाटेवर अर्धं वचन स्वतः म्हणायचे, उरलेलं मुलाने पुरं करायचं. बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात हेच तर सांगितलं आहे : घरी बसलेले असताना, वाटेने चालताना, निजताना, उठताना मुलांशी या वचनांविषयी बोलत जा. वेगळी वेळ काढून, समोर बसवून, चुकलं की ओरडून जे पाठ होतं ते व्यासपीठावर लगेच ओळखू यायचं. मूल कसंबसं उरकून पळ काढायचं. मला त्या मुलांचं फार वाईट वाटायचं.

आमच्या कार्यक्रमाचं सगळ्यात मोठं वर्ष म्हणजे स्तोत्र ११९ चं. हे बायबलमधलं सगळ्यात लांब स्तोत्र, १७६ वचनांचं. हिब्रू वर्णमालेच्या २२ अक्षरांप्रमाणे त्याचे २२ भाग, प्रत्येकात आठ वचनं, आणि मूळ हिब्रूत त्या आठही वचनांची सुरुवात एकाच अक्षराने. पाठ करायला सोपं जाण्यासारखीच ही बांधणी. आम्ही २२ घरांना एकेक भाग वाटून दिला. आईवडील, मुलं, आजीआजोबा, सगळ्यांनी मिळून आठ वचनं म्हणायची. आलेफ, बेथ, गिमेल ही अक्षरांची नावं पुकारायचा मान प्रत्येक घरातल्या सगळ्यात धाकट्याला. ‘दालेथ!’ म्हणून ओरडलेला तो बारीक आवाज आठवला की आजही हसू फुटतं. मध्येच एक आजोबा अडखळले आणि नातीने त्यांचा हात धरून पुढचा शब्द सांगितला. महिनाभर त्यांनीच तिच्याकडून म्हणवून घेतलं होतं!

आमच्या चर्चचे पाळकसाहेब दर वर्षी पंडिता रमाबाईंची आठवण काढायचे. रमाबाईंना लहानपणी संस्कृत शिकवलं ते त्यांच्या आईने, लक्ष्मीबाईंनी, आणि भागवताचे हजारो श्लोक त्यांना मुखोद्गत होते. पुढे त्याच रमाबाईंनी अख्ख्या बायबलचं मराठी भाषांतर केलं. मग पाळकसाहेब बायबलमधल्या तीमथ्याकडे, प्रेषित पौलाच्या तरुण सहकाऱ्याकडे वळायचे, त्याच्या आजी लोईस आणि आई युनीके यांच्याकडे. बालपणापासून त्याला पवित्र शास्त्र ठाऊक होतं असं पौल लिहितो, ते या दोघींमुळेच.

शेवटी ‘जुनी वचनं’ व्हायची, आणि मला वाटतं तोच कार्यक्रमाचा प्राण होता. मोठ्या वर्गातल्या मुलांनी शिशुवर्गात पाठ केलेलं वचन म्हणून दाखवायचं. नवीन वचन आठवड्यात येतं आणि महिन्यात जातं. जुनं टिकतं ते घरात कुणीतरी अधूनमधून विचारत राहिल्यामुळे. म्हणून आम्ही कुणी किती वचनं पाठ केली हे मोजून बक्षीस देणं बंद केलं. सगळ्यांना एकसारखी खूणपट्टी, त्यावर ज्याचं त्याचं वचन.

कार्यक्रम संपला की एखादी तरुण आई हमखास गाठायची. “टीचर, माझी अजून तीनचीच आहे हो. तिला काय शिकवू?” मी सांगायचे, “‘देव प्रीती आहे.’ योहानाचं पहिलं पत्र, अध्याय चार, वचन आठ. आज झोपवताना तुम्ही म्हणा, उद्या उठवताना म्हणा. तिला ‘म्हण, म्हण’ करू नका. थोड्याच दिवसांत तीच तुमच्या आधी म्हणेल.” आणि पुढच्या वर्षीच्या यादीत त्या बाळाचं नाव तिथल्या तिथे लिहून टाकायचे.