तेल घटत नव्हतं, वाढत होतं

आमची डिझेल व्हॅन डबे पोचवते. नाशिकला सिडकोत माझं स्वयंपाकघर आहे. तिथून अंबड एमआयडीसीतल्या नऊ कारखान्यांत दुपारचे आणि रात्रपाळीचे मिळून सव्वातीनशे डबे जातात. गाडी बंद पडली तर तेवढी माणसं उपाशी राहतात, म्हणून ती धडधाकट ठेवणं हे मी माझंच काम समजते.

आधीची व्हॅन जुनी होती. तिचं ऑइल आमचे मिस्त्री दर सात हजार किलोमीटरला बदलायचे आणि मध्ये कधी कमी झालं तर अर्धा लिटर वर ओतायचे. २०२१ मध्ये नवी बीएस-सहा, म्हणजे धुराच्या नव्या कडक नियमांत बसणारी गाडी घेतली. तिच्या पुस्तकात ऑइल बदलण्यासाठी २०,००० किलोमीटर किंवा १ वर्ष, जे आधी येईल ते, असं लिहिलेलं वाचून मला केवढा आनंद झाला होता. आम्ही वर्षाला जेमतेम अकरा-बारा हजार किलोमीटर चालवतो, म्हणजे वर्षातून एकदा ऑइल बदललं की झालं, असा माझा हिशोब होता.

२०२३ च्या पावसाळ्यात दुपारची फेरी करून परतताना गाडी चालवणाऱ्या मामांचा फोन आला. "ताई, मीटरमध्ये ऑइलचा दिवा लागलाय. गाडी उभी करू का?"

मी विचारलं, "लाल की पिवळा?"

"पिवळा. रॉकेलच्या चिमणीसारखं चित्र आहे आणि खाली ऑइल बदला असं इंग्रजीत येतंय."

हा फरक मला तेव्हा माहीत होता हे नशीब. लाल दिवा म्हणजे ऑइलचं प्रेशर गेलं. तो चालत्या गाडीत लागला की बाजूला घेऊन इंजिन तिथेच बंद करायचं. घर दोनशे मीटरवर असलं तरी तेवढंही चालवायचं नाही, कारण ऑइलविना बेअरिंग काही मिनिटांत चिकटतात. पिवळा दिवा तेवढा तातडीचा नसतो, काम काढलंय एवढंच सांगतो. मामांना म्हटलं, सावकाश घेऊन या.

ऑइल बदलून तेव्हा ७,८४० किलोमीटर झाले होते. मी प्रत्येक सर्व्हिसचं रीडिंग वहीत लिहिते, म्हणून आकडा पक्का. वीस हजार कुठे आणि हे कुठे!

संध्याकाळी गाडी सपाट जागी लावून, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी बघायची पट्टी काढली. पुसली, पुन्हा घातली, काढली. मला वाटलं होतं तेल खालच्या खुणेच्या जवळ असेल. ते वरच्या खुणेच्याही बोटभर वर होतं.

मिस्त्रींना दाखवलं. ते म्हणाले, "मागच्या वेळी कुणीतरी जास्त भरलंय, ताई. सेन्सर म्हणून ओरडतोय." त्यांनी इंजिनखालच्या ऑइलच्या चेंबरचा नट सैल करून थोडं ऑइल काढलं आणि पातळी बरोबर खुणेवर आणली. दिवा मात्र गेला नाही. शेजारच्या गॅरेजमधला एक मुलगा म्हणाला, दिवा घालवून देतो, दोन मिनिटांचं काम आहे. मी नको म्हटलं. दिवा कशामुळे लागला हे कळल्याशिवाय तो विझवणं मला पटेना.

बारा दिवसांनी पट्टी पुन्हा पाहिली. तेल परत वरच्या खुणेच्या पुढे गेलेलं. या बारा दिवसांत कुणी थेंबभरही ऑइल ओतलं नव्हतं. मी पट्टीवरचं तेल बोटांत घेतलं. ऑइल बोटांत चोळलं की साईसारखं निसटतं राहतं, हे ताकासारखं पातळ होतं. नाकाजवळ नेलं तर सरळ डिझेलचा वास. स्वयंपाकात आयुष्य गेलेल्या बाईला वास ओळखायला दुसरं कुणी लागत नाही. इंजिनच्या ऑइलमध्ये डिझेल उतरत होतं आणि म्हणून पातळी वाढत होती. मिस्त्रींनी काढलेल्या अर्ध्या लिटराने खूण तेवढी बरोबर झाली होती, उरलेलं तेल होतं तसंच पातळ राहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी सर्व्हिस सेंटरला गेले. तिथल्या तरुण सुपरवायझरने स्कॅनर लावला आणि मला बाजूला बसवून सगळं नीट समजावलं, याबद्दल मी त्याची कायम ऋणी आहे.

बीएस-सहा डिझेल गाडीच्या सायलेन्सरच्या वाटेवर डीपीएफ असतो, म्हणजे धुरातली काजळी धरून ठेवणारी जाळी. ती भरत आली की इंजिन आपणहून ती काजळी जाळतं. याला रिजनरेशन म्हणतात, गॅरेजमध्ये नुसतं ‘रिजन’. काजळी जळायला ६०० अंशांच्या आसपास उष्णता लागते. ती मिळवण्यासाठी इंजिनचा कॉम्प्युटर नेहमीच्या स्फोटानंतर आणखी थोडं डिझेल उशिराने सोडतो. हे डिझेल पुढे सायलेन्सरकडे जाऊन जळावं अशी योजना असते. पण त्यातलं थोडं सिलिंडरच्या भिंतीला लागून, रिंगांच्या फटीतून खाली ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतं. लांब पल्ल्याच्या गाडीत ऑइल तासन्‌तास गरम राहतं, त्यामुळे या डिझेलचा काही भाग उडूनही जातो. डिझेल पेट्रोलसारखं पटकन उडत नाही, हीच अडचण. थंड, छोट्या फेऱ्यांत ते साठतच जातं.

आणि आमच्या फेऱ्या कशा होत्या? स्वयंपाकघर ते पहिला कारखाना चार किलोमीटर. मग नऊ फाटकं, प्रत्येक फाटकावर सुरक्षारक्षक इंजिन बंद करायला लावणार, डबे उतरले की पुन्हा सुरू. पाण्याच्या तापमानाचा काटा लवकर वर येतो म्हणून आपल्याला इंजिन तापलं असं वाटतं, पण ऑइल तापायला त्याहून बराच जास्त वेळ लागतो. त्यातच रिजन सुरू झालं की पाच-सहा मिनिटांत कुठलंतरी फाटक यायचं आणि ते अर्धवट तुटायचं. काजळी तशीच राहिली की थोड्या वेळाने इंजिन पुन्हा प्रयत्न करणार, पुन्हा जादा डिझेल, पुन्हा फाटक. स्कॅनरवर अर्धवट राहिलेल्या रिजनची संख्या पूर्ण झालेल्यांपेक्षा कितीतरी जास्त दिसत होती.

पातळ झालेलं ऑइल बेअरिंगवर जाड थर धरू शकत नाही. इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या टर्बोचा दांडा तर मिनिटाला लाखावर फेरे घेतो आणि त्याच तेलावर तरंगतो. शिवाय पातळी फार वर गेली की क्रँक, म्हणजे इंजिनचा खालचा फिरता दांडा, ते तेल घुसळतो, फेस होतो, आणि तेलाची वाफ हवेच्या नळीतून इंजिनातच ओढली जाऊ शकते. मग इंजिन स्वतःच्या ऑइलवर पळत सुटतं आणि चावी काढली तरी थांबत नाही. हे ऐकून माझ्या अंगावर काटा आला. मामा आणि आमचा मदतनीस मुलगा रोज त्या गाडीत बसतात.

मग मी माझा मूळ प्रश्न विचारला. पुस्तकात वीस हजार लिहिलंय, मग दिवा सात हजारांतच कसा लागला? तो म्हणाला, आमच्या गाडीत ऑइल तपासून बघणारं काही नाही. कॉम्प्युटर अंदाज बांधतो. इंजिन किती वेळा थंड सुरू झालं, किती फिरलं, किती तापलं, रिजन किती झाली आणि किती तुटली, यावरून तो ऑइलचं आयुष्य टक्क्यांत मोजत खाली आणतो. किलोमीटरचा हिशोब वेगळा आणि हा वेगळा. म्हणून ऑइल बदलल्यावर हा आकडा स्कॅनरने परत पूर्ण करावा लागतो, नाहीतर नव्या ऑइलवरही जुना दिवा पेटतो. आणि ऑइल न बदलता कुणी तो नुसता विझवला, तर पुढचा इशारा यायच्या आत इंजिन जाऊ शकतं. त्या गॅरेजमधल्या मुलाला नको म्हटलं ते किती बरं झालं!

हे सगळं मला पटलं, पण मनात पूर्ण बसलं ते रविवारी निफाडला माहेरी गेल्यावर. अण्णांना सांगितलं, सात हजार आठशेला दिवा लागला. अण्णा म्हणाले, "किलोमीटर राहू दे. तास सांग."

"तास कसले?"

"आपल्या ट्रॅक्टरचं ऑइल मी कशावर बदलतो? अडीचशे तासांवर. वावरात ट्रॅक्टर किती किलोमीटर चालला हे कोण विचारतं? इंजिन किती वेळ फिरलं ते बघायचं."

गाडीच्या मीटरमध्ये सरासरी वेग दिसतो. आमचा होता ताशी १४ किलोमीटर. अण्णांनी तिथेच खाटेवर बसून वहीच्या मागच्या पानावर भागाकार केला. ७,८४० भागिले १४, म्हणजे ५६० तास. हीच गाडी हायवेला ताशी ५० ने चालली असती, तर ५६० तासांत २८,००० किलोमीटर झाले असते. म्हणजे वीस हजारांची मर्यादा आम्ही कधीच ओलांडली होती, फक्त ती किलोमीटरच्या काट्यावर दिसत नव्हती. माझ्या मावसभावाकडे हीच गाडी आहे आणि ती नाशिक-शिर्डी भाविकांना नेते. त्याचा दिवा वर्षभर लागत नाही. गाडी तीच, ऑइल तेच, पण जगणं वेगळं.

ऑइल बदलताना मी मुद्दाम तिथेच उभी राहिले. चेंबरचा नट काढल्यावर ते पाण्याच्या धारेसारखं आलं. काळं होतं, पण काळेपणाचं मला काही वाटलं नाही. डिझेल इंजिनमध्ये नवं ऑइलही थोड्याच दिवसांत काळं होतं, कारण काजळी पोटात धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे. रंग पाहून ऑइल संपलं असं म्हणणारे पुष्कळ भेटतात, त्यांचं ऐकू नये.

ऑइल निवडताना एक चूक होता होता वाचली. मिस्त्रींकडच्या पिंपातलं १५डब्ल्यू-४० ग्रेडचं, म्हणजे जास्त दाट ऑइल स्वस्त पडलं असतं आणि जुन्या गाडीला आम्ही तेच वापरायचो. सुपरवायझरने पुस्तकातलं पान काढून दाखवलं. आमच्या गाडीला कमी राख होणारं ५डब्ल्यू-३० लागतं, डब्यावर एसीईए सी३ अशी दर्जाची खूण छापलेलं. ऑइलमध्ये घातलेल्या कॅल्शियम, झिंक वगैरेंची राख होते, ती डीपीएफमध्ये जाऊन बसते. काजळी जळते, राख जळत नाही. जाळी राखेने भरली की ती काढून साफ करावी लागते किंवा बदलावी लागते आणि तो खर्च ऑइलच्या कितीतरी पट आहे. तुमच्या गाडीला दुसरा ग्रेड असेल, पुस्तकात पाहून तोच घ्या. दुकानदार ‘सगळ्या डिझेलला चालतं’ म्हणाला तरी डब्यावरची अक्षरं वाचल्याशिवाय घेऊ नका.

ऑइल, फिल्टर, आकडा पूर्ववत, सगळं झालं. पण फेऱ्या त्याच राहिल्या असत्या, तर सहा महिन्यांनी मी तिथेच परत आले असते.

म्हणून मामा आणि मी बसून फेऱ्या बदलल्या. चार कारखान्यांच्या व्यवस्थापनाशी बोलले आणि त्यांचे डबे एकाच फाटकावर उतरवायची परवानगी मिळवली. नऊचे थांबे सहा झाले. मामांनी रिजन ओळखायला शिकून घेतलं. उभ्या गाडीची रेस थोडी वाढते, आवाज जड होतो, पंखा जोरात फिरतो, तापल्याचा वास येतो आणि मीटरवरचं ॲव्हरेज एकदम खाली येतं. ही लक्षणं दिसली की इंजिन बंद न करता ते गरवारे पॉइंटकडून हायवेला लागतात आणि पंधरा-वीस मिनिटं एकसारख्या वेगाने चालवून येतात. दुपारच्या घाईत हे नेहमी जमत नाही, जमेल तेव्हाच करतात.

आणि रविवारी गाडी पिंपळगाव बसवंतला जाते. आधी कांदा-टोमॅटो आम्ही पंचवटीतून घ्यायचो. आता आठवड्याचा माल तिकडून येतो. जाऊन-येऊन साठेक किलोमीटर मोकळा हायवे मिळतो, ऑइल पुरेसं तापतं, जाळी साफ होते आणि भाजीही ताजी मिळते. रिकामी गाडी पळवायला माझं मन कधीच धजावलं नसतं, हे मात्र सोयीचं झालं.

ऑइलचा नियम मी माझ्यापुरता ठरवला: सहा महिने किंवा सहा हजार किलोमीटर, यातलं जे आधी होईल ते. दिव्याची वाट बघायची नाही. दिवा आधी लागला तर अर्थात त्याचं ऐकायचं. दर सोमवारी सकाळी, गाडी सुरू करायच्या आधी, मामा पट्टी काढतात आणि तेल कुठवर आहे ते वहीत लिहितात. खाली गेलं तर गळती किंवा तेल खाणं, वर गेलं तर डिझेल. जुन्या गाडीत आम्ही फक्त खालची खूण बघायचो, आता वरची आधी बघतो.

त्यानंतर पिवळा दिवा एकदा लागला. मार्चमध्ये, मामा पंधरा दिवस गावी होते आणि बदली चालकाने रविवारची फेरी दोनदा चुकवली, तेव्हा. पट्टीवर तेल वरच्या खुणेला टेकलेलं होतं. चार हजार एकशे किलोमीटरच झाले होते, तरी मी त्याच दिवशी ऑइल बदललं. बदली चालक म्हणाला, "ताई, एवढ्यात कशाला? अजून दोन हजार निघतील." मी त्याला पट्टी हातात दिली आणि वास घ्यायला सांगितलं.

परवाच्या सोमवारची नोंद मामांच्या अक्षरात आहे: बदलून २,३६० किलोमीटर, तेल दोन खुणांच्या बरोबर मध्ये, वास नाही.