भरीत, फोनो आणि खाटेवरची तबकडी

स्मरणिकेसाठी काहीतरी लिही म्हणून बॅचच्या ग्रुपवर चार वेळा मेसेज आला, शेवटी बसलोच. गॅदरिंग, छड्या, बोर्डाचे निकाल यावर बाकीचे लिहितीलच, मी आपला एकाच दुपारबद्दल लिहितो, कारण त्या दुपारचं थोडं देणं माझ्याकडे बाकी आहे.

आमची दहावी १९८५-८६ ची. विज्ञानाच्या सरांनी स्प्रिंगमधली स्थितिज ऊर्जा दोन तास शिकवली आणि कोणाच्याच डोक्यात शिरेना, तेव्हा वैतागून म्हणाले, चला रविवारी, दाखवतोच. बामणोदकडे त्यांच्या ओळखीच्या एका आबांचं शेत होतं आणि आबांकडे चावीचा फोनो, म्हणजे ग्रामोफोन, होता. जानेवारी महिना म्हणजे भरताचा सीझन, त्यामुळे ऊर्जेसाठी किती जण आले आणि भरतासाठी किती ते विचारू नका. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चाळीस जण कोंबून निघालो, मुली पुढे, आम्ही मागे, तोंडभर धूळ.

पोचलो तेव्हा कपाशीच्या काड्यांच्या जाळावर वांगी टाकलेलीच होती. आपली ती हिरवी मोठी वांगी, बाहेरून काळी पडली की आत लोणी. एकीकडे बडगीत हिरवी मिरची-लसूण ठेचायचा आवाज, आणि दुसरीकडे निंबाखाली खाटेवर तो फोनो, पितळी कर्ण्याचा, घासून घासून चकचकीत केलेला.

आबांनी चावी भरली, ब्रेक सोडला आणि सरांनी लगेच परीक्षाच काढली. तबकडीच्या कडेला कागदाची चिठ्ठी ठेवली, मनगटावरचं घड्याळ पुढे केलं, म्हणाले दहा सेकंदात किती फेरे ते मोजा. आम्ही मोजले बारा. सर म्हणाले तेरा पाहिजेत, मिनिटाला ७८ फेरे म्हणजे दहा सेकंदाला तेरा. आबांनी एक स्क्रू जरासा फिरवला आणि पुन्हा मोजले तर तेरा! खाली झाकण उघडून दाखवलं, स्प्रिंग सगळी ताकद एकदम सोडू नये म्हणून तिथे गोल फिरणारी तीन वजनं असतात, वेग वाढला की ती बाहेर फेकली जातात आणि त्यांच्यासोबत सरकलेली चकती ब्रेकच्या चामड्याला घासते. दोन तासात जे कळलं नव्हतं ते इथे दोन मिनिटात कळलं.

एक तबकडी गौहर जानची होती, फार घासलेली, पण शेवटी ती बाई ठसक्यात "माय नेम इज गौहर जान" म्हणते ते स्पष्ट ऐकू आलं आणि सगळे हसले. सरांनी सांगितलं की १९०२ साली कलकत्त्याला रेकॉर्डिंग सुरू झालं तेव्हा तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला तयार व्हायच्या, तिथल्या लोकांना कोणाचं गाणं ते कळावं म्हणून नाव सांगून ठेवायचे.

मग आबांनी घरातून एक लाकडी पेटी आणली. "हातं लावू नका बरं पोरांहो फणीले." आत पितळेचा रूळ, त्यावर केसाएवढे बारीक शेकडो काटे, आणि समोर पोलादी फणी. रूळ फिरला की काटा फणीचा दात उचलून सोडतो, की टिंग. लांब दात जाड आवाजाचे, आखूड बारीक आवाजाचे. एक धून संपली की रूळ बाजूला इतका थोडा सरकायचा की डोळ्याला दिसायचंही नाही, आणि दुसरे काटे दातांखाली येऊन दुसरी धून. सर म्हणाले, फोनो दुसऱ्याचं गाणं ऐकवतो, ही पेटी स्वतः वाजवते. खरं सांगू, मला ती फोनोपेक्षा जास्त आवडली, कुठली विलायती धून होती देव जाणे.

जेवताना मात्र फोनोच. केळीच्या पानावर भरीत, कळण्याची भाकरी, कांद्याची पात, आणि बालगंधर्वांचं नाट्यपद. ते लहानपणी आपल्या जळगावातच गाणं शिकले हे आबा दर तबकडीला सांगत होते. साडेतीन मिनिटात एक बाजू संपायची आणि दर बाजूला नवी पिन, नाहीतर तबकडी खरवडते. पिन लावायची नि तबकडी पाकिटात घालायची ड्युटी माझी, घास घेतोय तोवर हाक यायची. दुसऱ्यांदा भरीत वाढायला आले तेव्हा हातातली तबकडी मी खाटेवरच्या घोंगडीच्या घडीवर तशीच टेकवून पळालो. तिथे तेव्हा सावली होती.

तासाभराने परत आलो तर सावली खाटेवरून सरकलेली आणि तबकडी भाजताना पापड वाकतो तशी वाकलेली. मी गपचूप पाकिटात घालून गठ्ठ्याच्या मधोमध सारली आणि मुलांच्या घोळक्यात जाऊन बसलो.

नेमकं सरांनी तेच पद परत मागितलं. आबांनी तबकडी काढली, उलटसुलट पाहिली, आणि तरी लावली. पिन वरखाली व्हायला लागली, खड्ड्यातून बैलगाडी जाते तशी, आणि आवाज असा डुलायला लागला की पोरी तोंडावर ओढणी धरून हसत सुटल्या. "कोनी ठेवली होती रे भो इले उन्हात?" कोणीच बोललं नाही. मीही नाही.

आबा चिडले नाहीत. म्हणाले, तबकडी लाखेची असते, बांगडीची असते ना तीच लाख, ऊन लागलं की मऊ पडते. भिंतीवरच्या दोन तसबिरींच्या काचा काढल्या, तबकडी मधे ठेवली, वर वजन, आणि त्याच उन्हात ठेवून दिली, थोडी नरम झाली की सावलीत घ्यायची. त्या काचांवर लक्ष ठेवायला सरांनी मलाच बसवलं. त्यांना कळलं होतं की नाही ते मला आजही माहीत नाही. बरीच सपाट झाली, आवाज थोडा डुलायचाच.

सर, ती मीच ठेवली होती.

निघताना आबांनी मला एकट्याला हाक मारली आणि पिनांची रिकामी डबी हातात दिली, झाकणावर फोनोपुढे बसलेला कुत्रा. डबी अजून आहे घरात, बायको तिच्यात शिलाई मशीनच्या सुया ठेवते.