योनाची गोष्ट माशापाशी संपत नाही

संडे स्कूलमध्ये सगळ्यात अर्धवट सांगितली जाणारी गोष्ट कुठली असं मला कुणी विचारलं तर मी डोळे झाकून योनाचं नाव घेईन. योना म्हणजे निनवे शहराला इशारा द्यायला देवाने पाठवलेला, पण उलट दिशेला पळालेला बायबलमधला संदेष्टा. योना म्हटलं की मासा, माशाच्या पोटात तीन दिवस, मग किनाऱ्यावर बाहेर, आणि लगेच टीचर विचारणार "मग मुलांनो, यातून आपण काय शिकलो?" आणि मुलं एका सुरात "देवाचं ऐकायचं!" झालं, चित्र रंगवा, सोनेरी वचन (त्या आठवड्याची पाठ करायची बायबलची ओळ) म्हणा, घरी जा. अहो पण योनाच्या पुस्तकात चार अध्याय आहेत आणि मासा दुसऱ्या अध्यायातच निघून जातो!

खरी गंमत तर पुढे आहे. योना शेवटी निनवेला जाऊन शहराचा नाश होणार असं सांगतो, आणि तिथला राजा पश्चात्तापाने हुकूम काढतो की सगळ्यांनी उपास करा, गोणपाट नेसा, आणि नुसती माणसंच नाही तर गुरांनीसुद्धा. गोणपाट पांघरलेल्या गायीम्हशी डोळ्यासमोर आल्या की मुलं अशी खदखदून हसतात की विचारू नका, हसू द्यावं त्यांना, दोन मिनिटं गेली तर गेली. मग देव निनवेला माफ करतो आणि योना चक्क रुसून बसतो, कारण त्याला ते लोक वाचायलाच नको होते. शहराबाहेर बसलाय, ऊन लागतंय, देव एक झाड उगवतो, सावली होते, योना खूश, दुसऱ्या दिवशी किडा ते झाड खातो, गरम वारा सुटतो, योना म्हणतो मरण आलं तर बरं. आणि शेवटी देव त्याला विचारतो, तुला त्या झाडाची एवढी कीव येते, मग या शहरात 1,20,000 पेक्षा जास्त माणसं आहेत, शिवाय पुष्कळ गुरंढोरं, त्यांची कीव मला येऊ नये का? संपलं पुस्तक. योनाने काय उत्तर दिलं ते लिहिलेलंच नाही. मी पण तिथेच थांबते. मुलं चिडतात, "टीचर पुढे सांगा ना, मग तो काय म्हणाला?" मी म्हणते तूच सांग, तू योना असतास तर काय म्हणाला असतास. त्यानंतर वर्गात जे भांडण होतं त्यासाठी मी रविवारची वाट बघत असते. एक मुलगा म्हणाला होता की माझ्या शत्रूला देवाने माफ केलं तर मला पण राग येईल, मी पण बाहेर जाऊन बसेन. इतकं खरं उत्तर मोठ्यांच्या अभ्यासवर्गात सुद्धा मिळत नाही हो.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की गोष्ट पूर्ण सांगा, तिच्यातल्या वस्तू माणसं ऊन वारा सगळ्यासकट सांगा आणि शेवटी तात्पर्याचं लेबल चिकटवायची घाई करू नका. येशूने स्वतः दाखले सांगितले तेव्हा कित्येकदा लोकांना विचार करायला तसंच सोडून दिलं. जखमी वाटसरूला दोघे टाळून गेले आणि परक्या शोमरोन्याने मदत केली त्या गोष्टीनंतर त्याने प्रश्न विचारणाऱ्या शास्त्र्यालाच उलटा प्रश्न विचारला, या तिघांपैकी शेजारी कोण झाला ते तू सांग.

आता वस्तूंचं म्हणाल तर मी नगरकडची, आणि आपल्या भागातल्या मुलांना बायबल समजायला किती सोपं आहे हे आपल्याच लक्षात येत नाही. मार्कच्या दुसऱ्या अध्यायातली पक्षाघाती माणसाची गोष्ट घ्या, गर्दीमुळे चौघांनी त्याला बाजेसकट छपरातून येशूपुढे खाली सोडलं ती. परदेशी पुस्तकातल्या चित्रात उतरतं कौलारू छप्पर असलं की मुलं विचारतात, यावर चौघं बाज घेऊन चढले कसे आणि घसरले कसे नाहीत? पण आमच्या चर्चच्या मंडळीतल्या एका आजोबांना मी वर्गात बोलावलं, त्यांचं लहानपण माळवदाच्या घरात गेलेलं. त्यांनी फळ्यावर रेघा मारून दाखवलं, या तुळया, या वरून टाकलेल्या किलच्या, त्याच्यावर पाला आणि त्याच्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर, धोपटून धोपटून पक्का केलेला, उन्हाळ्यात आम्ही वरच झोपायचो, आणि बाजूने जिना. म्हणजे बाज घेऊन चौघं वर गेले, माती उकरली, किलच्या बाजूला केल्या आणि खाली दोर सोडले! खाली येशू बोलतोय आणि वरून माती पडतेय त्याच्या डोक्यावर. मुलांचे डोळे एवढे मोठे. एका मुलीने विचारलं, "मग ते माळवद नंतर कुणी नीट केलं?" आजोबा म्हणाले, "त्या चौघांनीच केलं असणार, मित्र असे होते म्हणजे." शास्त्रात हे कुठे नाही, पण मला ते फार पटलं.

पेरणाऱ्याच्या दाखल्याला तर शेतकऱ्याच्या घरची मुलं टीचरला फाडून खातात, कारण आपल्याकडे पेरणी पाभरीने नाहीतर ट्रॅक्टरने, सरळ ओळीत. मग प्रश्न येतो, "त्या माणसाने बी वाटेवर कसं सांडलं, त्याला पेरता येत नव्हतं का?" तिथे थांबून सांगावं लागतं की तिकडे बी मुठीने फोकून पेरायचे, कडेला पायवाट असली की चार दाणे तिकडे जाणारच. आणि तीसपट साठपट शंभरपट म्हटलं की ज्वारीवाल्या घरातला मुलगा म्हणतो यात काय विशेष, एका कणसात तर शेकड्याने दाणे असतात. बरोबर आहे त्याचं! म्हणून ते गहू किंवा जव हे आधी सांगायचं, गव्हाच्या ओंबीत किती दाणे भरतात ते हातात देऊन मोजायला लावायचं, मग शंभरपट म्हणजे केवढं पीक ते कळतं. येशूला बघायला बुटका जकातदार जक्कय चढला ते झाड आपल्या मराठी बायबलमध्ये उंबराचं आहे, उंबर आमच्या चर्चजवळच आहे, खोडालाच लागलेली फळं आणि जमिनीलगतच्या फांद्या दाखवल्या की बुटका माणूस वर कसा पोचला हे समजावत बसावं लागत नाही. आणि लोकांकडून जास्त घेतलेलं "चौपट परत देईन" असं तो म्हणाला, याचं गणित करायला लावा, 50 रुपये जास्त घेतले असतील तर किती द्यायचे, मुलं बरोबर हिशोब करतात आणि मग म्हणतात, बापरे.

हे काही मी नवीन शोधलेलं नाही. इंग्लंडहून आलेले जेझुइट पाद्री फादर स्टीफन्स गोव्यात बसून बायबलच्या गोष्टी मराठी ओव्यांमध्ये सांगत होते, त्यांचं ख्रिस्तपुराण 1616 साली छापलं गेलं, जवळपास अकरा हजार ओव्या, आणि त्यात ऐकणारे मधे मधे शंका विचारतात नि पाद्री उत्तर देतात. आमच्या नगरात एकोणिसाव्या शतकात कृष्णराव सांगळ्यांनी ख्रिस्ती कीर्तनं केली, आख्यान थांबवायचं, पद म्हणायचं, पुन्हा गोष्ट पुढे न्यायची. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांची गाणी तर आपण आजही उपासनेत म्हणतोच. ही सगळी आपल्या भाषेतली परंपरा, आणि आपण मात्र इंटरनेटवरून इंग्लिश वर्कशीटच्या प्रिंट काढून गोऱ्या गोऱ्या दावीदाला रंग भरायला देतो, याचं मला खरंच वाईट वाटतं. मी तर आता कीर्तनाचीच पद्धत वापरते, गोष्ट ऐन भरात आली की थांबायचं आणि एक कडवं म्हणायचं, लहान मुलांची चुळबुळ पण थांबते आणि पुढे काय होणार याची ओढ पण टिकते.

चर्चमधे वेळ किती मिळतो हो, जेमतेम पाऊण तास, त्यात हजेरी, गाणी, वचन, आणि चार वर्षांचं पोर नि आठवीतला मुलगा एकाच चटईवर. मोठ्यांना मी वाचायला लावते आणि लहानांना पात्रं करते, दावीदाशी लढणारा धिप्पाड गल्याथ नेहमी सगळ्यात बारक्याला करायचा असतो म्हणजे वर्ग जागा राहतो. यापेक्षा जास्त तिथे होत नाही. खरी गोष्ट घरी होते.

आमच्याकडे रात्रीच्या कौटुंबिक प्रार्थनेनंतर गोष्ट असते. प्रार्थनेच्या आत नाही, नंतर, अंथरुणावर, लाईट घालवून. योसेफाची गोष्ट घरी सांगायलाच हवी कारण ती उत्पत्तीच्या 37व्या अध्यायापासून 50व्यापर्यंत चालते, ती एका रविवारात कोंबणं म्हणजे तिचा जीव घेणं आहे. रोज थोडी. पहिल्या रात्री भावांनी त्याला खड्ड्यात टाकलं तिथे थांबायचं, दुसऱ्या रात्री वीस रुपयांना, म्हणजे चांदीच्या वीस नाण्यांना विकला, मिसरमधला त्याचा मालक पोटीफर याच्या बायकोचा भाग लहानांना "तिने खोटा आळ घेतला" एवढाच पुरतो, मोठी झाली की स्वतः वाचतील. आणि भाऊ धान्य न्यायला येतात तेव्हा योसेफ आतल्या खोलीत जाऊन रडतो, तोंड धुऊन परत बाहेर येतो, हे मुद्दाम सांगायचं. तोंड धुतलं हे शास्त्रात लिहिलंय. माझी धाकटी तिथे विचारते, "मग त्याने लगेच का नाही सांगितलं मी तुमचा भाऊ आहे म्हणून?" आणि थोरला म्हणतो, "ते सुधारलेत का ते बघत होता." बहीण-भाऊ अंधारात यावर बोलत पडतात आणि मी गप्प राहते.

अवघड प्रश्न पण घरीच येतात. महापुरातल्या नोहाच्या तारवाच्या, म्हणजे जहाजाच्या, गोष्टीत प्राणी जोडीजोडीने आत गेले वगैरे चर्चमधे छान होतं, पण रात्री कुणीतरी हळूच विचारतं, बाहेरच्या मुलांचं काय झालं? हा प्रश्न टाळायचा नाही. "ती वाईट होती" असं तर अजिबात म्हणायचं नाही. मी सांगते की ती बुडाली, आणि त्या अध्यायात असं पण लिहिलंय की देवाच्या मनाला फार दुःख झालं, आणि शेवटी त्याने मेघधनुष्य ठेवून वचन दिलं की परत असं करणार नाही. बाकी मला पण समजत नाही असं सांगितलं तरी मुलं घाबरत नाहीत, उलट जवळ सरकतात. अब्राहाम आपल्या मुलाला, इसहाकाला, अर्पण करायला नेतो ती गोष्ट मात्र मी दहा-अकरा वर्षांच्या आधी सांगत नाही, बापाबरोबर निजणाऱ्या पोराला ती कशाला. काही टीचरना हे पटत नाही, त्यांचं म्हणणं देवाचं वचन कापायचं नाही. कापायचं नाहीच, वेळ येईपर्यंत थांबायचं.

आणि लहानपणीच देवाच्या मंदिरात सेवेला ठेवलेल्या शमुवेलाच्या गोष्टीत देवाची हाक येण्याआधी एक ओळ आहे ती सोडू नका. त्याची आई हन्ना दर वर्षी यज्ञाला येताना त्याच्यासाठी एक छोटा झगा शिवून आणायची. आमच्या वर्गात होस्टेलची मुलं असतात. त्यांच्यातला एकजण एरवी कधी तोंड उघडत नाही, त्याने त्या दिवशी विचारलं, "तिला माप कसं कळायचं, तो तर तिकडे वाढत होता?" मी म्हटलं आईला अंदाज असतो. तो म्हणाला, "माझी मम्मी एक साईज मोठाच आणते." मग बाकीची होस्टेलची मुलं पण सुरू झाली, कुणाची आई काय आणते, दिवाळीला का नाताळला, आणि देवाने शमुवेलाला हाक मारायची राहिली ती पुढच्या रविवारवर गेली.

आता रूथ घेणार आहे, दुसऱ्याच्या शेतात सरवा, म्हणजे काढणीनंतर मागे राहिलेली कणसं, वेचणाऱ्या विधवेची गोष्ट, कारण रानात ज्वारीची काढणी चालू झालीय आणि रूथची बहुतेक गोष्ट सुगीतच घडते. आमच्या मंडळीतल्या दोन म्हाताऱ्या बायकांनी तरुणपणी दुसऱ्यांच्या रानात सरवा वेचलाय, 72 च्या दुष्काळाच्या आसपास, त्या येते म्हणाल्यात, पदरात कणसं कशी धरायची आणि मालक चांगला असला तर मुद्दाम कसं मागे सोडायचा ते करून दाखवणार आहेत. शेताचा मालक बवाजाने गड्यांना सांगितलं होतं ना, तिच्यासाठी पेंढ्यांतली थोडी मुद्दाम पडू द्या म्हणून, तेच. चर्चच्या अंगणात पसरायला पोतंभर कणसं लागतील, नगरच्या आसपास कुणाची काढणी चालू असेल तर कमेंटमधे सांगा, मी गाडी घेऊन येते.